तक्ता क्रमांक दोन

सारांश दोनशे पन्नास शब्दांत हवा.
माझे दोनशे त्रेसष्ट.
तेरा शब्द कुठून काढू या विचारात
आचऱ्याच्या भाड्याच्या खोलीत बसलेय.
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
त्यांच्यावर तिसऱ्यांच्या शिंपा ठेवल्यात,
मोजून झालेल्या, नंबर घातलेल्या,
अजून थोडा चिखलाचा वास येणाऱ्या.

नियमावली एकोणीस पानांची.
ओळीओळीला क्रमांक, मध्ये दुप्पट अंतर.
लॅटिन नाव तिरक्या अक्षरांत,
म्हणजे ओहोटीच्या ओढीत उभ्या बाईसारखं
जरा कलून.
आकृती तीनमध्ये खाडीचा नकाशा:
उत्तरेचा बाण, मापनपट्टी, चार काळे ठिपके.
चौथ्या ठिपक्याला बायका 'म्हातारीचा खड्डा' म्हणतात.
नकाशात तेवढी जागा नव्हती.

'नमुने गोळा केले गेले', असं लिहिलंय मी.
कोणी केले, ते इंग्रजीत
फार सोयीनं गाळता येतं.
गुडघाभर चिखलात पायाच्या बोटांनी
आधी चाचपून मग वाकणारी
शेवंती तारी होती.
मी काठावर वही कोरडी ठेवत होते.

तक्ता क्रमांक दोन.
बारा महिने, चार ठिकाणं.
जुलैच्या ओळीत चार आडव्या रेघा,
तिन्ही वर्षं.
खाली तळटीप: नमुना उपलब्ध नाही.
वझरकर सरांनी लाल शाईत विचारलंय,
का? पावसामुळे?

पावसामुळे, असं लिहिलं
तर परीक्षक मान डोलावतील.
पण त्या तिन्ही जुलैंत मी छत्री घेऊन
तिच्या दारात हजर होते,
आणि ती पायरीवर वालीचं बियाणं निवडत
मान वर न करता म्हणालेली,
'आषाढात तेंका हात लावूचो नाय गो.
भरलेल्यो असतत.'
मी वहीत रेघा मारल्या
आणि परत आले.

पान बावीस, ओळ चारशे अकरा:
'जुलै महिन्यात तिसऱ्यांचा उपसा बंद ठेवावा,
अशी शिफारस या अभ्यासातून प्रथमच...'
सारांशाची शेवटची ओळही तीच.

वीज गेली.
लॅपटॉपवर अठ्ठावीस टक्के.
कागद हलायचे थांबले, शिंपा उगाचच.

वैयक्तिक संवाद संदर्भसूचीत चालत नाही.
फक्त मजकुरात, नाव आणि तारीख.
तारीख कुठली देऊ?
तिच्या सासूनं तिला हे कधी सांगितलं
ते तिलाच आठवत नाही,
सासूला कोणी, ते तर विचारूच नये.
परीक्षण अनामिक, म्हणून आभाराचं पान
वेगळ्या फाइलीत,
जी परीक्षकांना दिसणार नाही.
हितसंबंध: नाहीत.
(तिच्याकडे अकरा वेळा जेवले.
दोनदा डबाही भरून आणला.)

'प्रथमच' खोडलं.
इंग्रजीत त्याचे चार शब्द होतात.
उरले नऊ.
त्या जागी 'खाडीतल्या बायका हे आधीपासून पाळतात'
असं घातलं, तर सहा वाढले.
आता काढायचे पंधरा.
मग 'अत्यंत महत्त्वपूर्ण' गेलं,
'सर्वंकष' गेलं,
माझ्या पद्धतीचं कौतुक करणारं
एक अख्खं वाक्य गेलं,
ज्याच्यावर मी गेल्या गणपतीत
दोन दिवस घालवले होते.

तळटीपही बदलली.
उपलब्ध नाही, हे खरं नव्हतं.
नमुना होता, तिथंच, चिखलात, भरलेला.
'घेतला नाही' असं लिहिलं.
'घ्यायचा नसतो' याला
त्यांच्या भाषेत नीट क्रियापद सापडेना.

रेंज देवळामागच्या चढावरच येते.
रात्री साडेअकराला तिथं उभी राहून
फोनच्या जोरावर फाइल चढवली.
आठ अंकी क्रमांक आला,
एक कुत्रं भुंकलं.

सकाळी ओहोटीला सांगायला गेले.
'काय लिवलंस?'
जुलैत काढू नयेत, असं.
ती हसली, कमरेत वाकलेलीच.
'इतक्या लिवूक तीन वरसां?'
मी काही बोलणार,
तर म्हणाली, 'पाणी भरता हा.
टोपली धर.'